लुइस
लुइस हे इंग्लंडच्या ईस्ट ससेक्स काउंटीचे मुख्य शहर ऊझ नदीच्या काठी, खडूच्या टेकड्यांमध्ये वसले आहे.

१०६६ च्या नॉर्मन विजयानंतर विल्यम द वॉरेन या सरदाराने येथे किल्ला बांधला. त्याने व त्याची पत्नी गुंड्राडा हिने स्थापलेला सेंट पँक्रसचा मठ हा क्लूनी पंथाचा इंग्लंडमधील पहिला मठ होय.

१४ मे १२६४ रोजी सायमन द माँटफर्टच्या नेतृत्वाखालील बंडखोर सरदारांनी राजा तिसरा हेन्री याला येथे पराभूत केले. राजपुत्र एडवर्डने लंडनच्या तुकडीचा दूरवर पाठलाग केला. तो परतेपर्यंत लढाई हातची गेली होती. राजाला मठाचा आश्रय घेऊन तह करावा लागला. माँटफर्टने १२६५ मध्ये बोलावलेल्या संसदेत नगरांचे प्रतिनिधीही होते. त्या दृष्टीने या लढाईचे महत्त्व स्थानिक नाही.

आठव्या हेन्रीच्या काळात मठ पाडण्यात आला. उरलेल्या अवशेषांतून १८४५ मध्ये लोहमार्ग खोदताना विल्यम व गुंड्राडा यांच्या अस्थींच्या शिसाच्या पेट्या सापडल्या. जुने उद्ध्वस्त करतानाच शहराला मठाचे संस्थापक गवसले!

१५५५ ते १५५७ या काळात, राणी मेरीच्या कारकिर्दीत, येथे १७ प्रोटेस्टंटांना जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबरच्या मशाल मिरवणुकीत १७ जळते क्रूस नेले जातात.

१७६८ ते १७७४ पर्यंत टॉमस पेन येथे अबकारी अधिकारी होता. त्याचा ‘राइट्स ऑफ मॅन’ हा ग्रंथ पुढे महात्मा जोतीराव फुले यांनी अभ्यासला.