राजाचा बाण आणि पाइनचे झाड

१/ १४ एप्रिल १७७२. न्यू हॅम्पशायर या ब्रिटिश वसाहतीतील वेअर गाव. तोंडाला काजळी फासलेले वीसहून अधिक लोक पहाटे एका सराईत शिरले आणि त्यांनी राजाच्या शेरीफला फोकांनी झोडपले. कारण? पाइनची झाडे. 🧵

२/ न्यू इंग्लंडचा उत्तर भाग म्हणजे दोन वनप्रदेशांचा सांधा. दक्षिणेचे मेपल, बर्च, बीच हे रुंदपर्णी वृक्ष आणि उत्तरेचे सूचिपर्णी स्प्रूस व फर येथे एकत्र वाढतात. या मिश्र अरण्यात सर्वांत उंच माथा व्हाइट पाइनचा.

३/ शिडाच्या युद्धनौकेचा प्राण म्हणजे डोलकाठी. तिच्याजोगे प्रचंड वृक्ष इंग्लंडमध्ये उरले नव्हते. बाल्टिक प्रदेशातून लाकूड येई. पण युद्ध पेटले की डेन्मार्कजवळची चिंचोळी सामुद्रधुनी बंद होण्याची धास्ती असे. व्हाइट पाइनचा सरळ, हलका सोट हा त्यावरचा उपाय होता.

४/ म्हणून १६९१ च्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेने खासगी जमिनींबाहेरचे २४ इंच वा अधिक व्यासाचे वृक्ष राजासाठी राखले. परवान्याविना तोडल्यास दंड १०० पौंड! राखीव झाडावर कुऱ्हाडीच्या तीन घावांनी बाणाचे चिन्ह कोरले जाई.

५/ १७११ व १७२२ च्या कायद्यांनी फास आवळला. वसाहतकऱ्यांची अडचण उघड होती. जंगल साफ केल्याविना शेत नाही, लाकूड चिरल्याविना घर नाही. आणि दारातले उत्तम झाड मात्र समुद्रापलीकडच्या राजाचे.

६/ गव्हर्नर जॉन वेंटवर्थ हेच राजाच्या वनांचे प्रमुख सर्वेक्षक होते. १७७१-७२ च्या हिवाळ्यात त्यांच्या माणसांनी लाकूडगिरण्यांची झडती घेऊन ओंडके जप्त केले. इतरांनी तडजोड केली. वेअरचे गिरणीवाले अडून बसले.

७/ शेरीफ बेंजामिन व्हायटिंग आणि त्याचा साहाय्यक एबेनेझर मजेट यास अटक करण्यास आले. ‘सकाळी जामीन देतो’ असे त्याने सांगितले. सकाळी आला तो जमाव. अधिकाऱ्यांच्या घोड्यांचे कान, आयाळ व शेपट्या कापून त्यांना गावाबाहेर पिटाळण्यात आले.

८/ आठ जणांवर खटला चालला. शिक्षा प्रत्येकी अवघे २० शिलिंग आणि न्यायालयाचा खर्च. एका झाडासाठी १०० पौंडांची धमकी देणारी सत्ता आपल्या शेरीफच्या अंगावरील वळांची एवढीच किंमत वसूल करू शकली. कायद्याचा धाक येथेच सरला.

९/ वीस महिन्यांनी बॉस्टन बंदरात चहा बुडाला. ती घटना जगाला ठाऊक आहे. १७७५ मध्ये युद्ध पेटले, ब्रिटिश नौदलाचा न्यू इंग्लंडमधील डोलकाठ्यांचा पुरवठा तुटला आणि वॉशिंग्टनच्या नौकांवर ध्वज फडकला. त्यावर चित्र होते पाइनच्या झाडाचे.

१०/ राजाचा बाण गेला, कुऱ्हाड राहिली. एकोणिसाव्या शतकात स्वतंत्र अमेरिकेच्या लाकूडव्यापाराने मेनपासून मिशिगनपर्यंतची पाइनवने उजाड केली. ध्वजावर मिरवलेल्या वृक्षाला स्वातंत्र्याने अभय दिले नाही.

(समाप्त) #इतिहास