परिचारिकांचा कार्यताण आणि स्वयंऔषधोपचार : संज्ञा, प्रकार व मापन

विवेचनापूर्वी दोन संज्ञा निश्चित केल्या पाहिजेत. पहिली संज्ञा कार्यताण. श्रम आणि ताण भिन्न आहेत. श्रमाची भरपाई विश्रांतीने होते. कार्यताण ही कामाच्या मागण्या आणि त्या पुऱ्या करण्यासाठी हाती असलेले बळ, वेळ व अधिकार यांतील विषमतेतून उत्पन्न होणारी शारीरिक व मानसिक अवस्था होय. रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार मागण्यांचे आधिक्य एकटे पुरेसे नसते. मागण्या अधिक आणि निर्णयस्वातंत्र्य अल्प, या संयोगातून ताण वाढतो.

दुसरी संज्ञा स्वयंऔषधोपचार. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत तिची दोन अंगे आहेत : (१) स्वतः ओळखलेल्या विकारावर वा लक्षणावर स्वतः औषध घेणे, (२) पूर्वी वैद्याने लिहून दिलेले औषध जुन्या अथवा पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या तक्रारीसाठी स्वतःच्या निर्णयाने घेणे. परिचारिकांच्या बाबतीत एक सीमावर्ती प्रकारही मानावा लागतो. राऊंड चालू असताना डॉक्टरांना उभ्याउभ्या विचारून, तपासणीविना घेतलेली गोळी रूपाने वैद्यकीय सल्ला असली तरी स्वरूपाने स्वयंऔषधोपचारच असते. तिची गणना स्वतंत्र व्हावी. ती कोणत्याही एका बाजूस ढकलली, तर आकडे फसवे होतात.

या व्याख्यांवरून एक भेद निष्पन्न होतो. सामान्य जनतेतील स्वयंऔषधोपचाराचे कारण बहुधा अज्ञान, अंतर किंवा खर्च यांत शोधले जाते. परिचारिकेस मात्रा, दुष्परिणाम आणि निषेध ज्ञात असतात. वैद्यही त्याच इमारतीत असतो. तरीही ती केसपेपर काढत नाही. म्हणून येथे अज्ञान हे प्रधान कारण मानता येत नाही. अभाव ज्ञानाचा नसून वेळेचा आहे, असे गृहीतक प्रथम तपासावे लागते. प्रतिबंधाचा उपाय म्हणून ज्ञानवर्धनाची व्याख्याने सुचविणारे अभ्यास हा टप्पा ओलांडून पुढे जातात, आणि त्यांची शिफारस त्यामुळे निराधार राहते.

प्रयोजनानुसार या औषधोपचाराचे तीन प्रकार पडतात : शमनार्थ, निद्रार्थ आणि कार्यरक्षणार्थ. शमनार्थ प्रकारात लक्षण जावे एवढाच हेतू असतो. निद्रार्थ प्रकार रात्रपाळीशी बद्ध आहे; दिवसा झोप यावी म्हणून गोळी घेतली जाते. अल्प्राझोलाम व झोल्पिडेम यांसारख्या औषधांचा समावेश अनुसूची एच-१ मध्ये आहे. २०१४ पासून लागू असलेल्या या तरतुदीनुसार विक्रेत्याने त्यांची वेगळी नोंद ठेवून ती तीन वर्षे जपावयाची असते. परंतु ती नोंद विक्रीची असल्याने विक्रीबाहेरच्या मार्गाने हाती आलेली गोळी तिच्यात दिसत नाही.

कार्यरक्षणार्थ प्रकार सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. यात औषध बरे होण्यासाठी घेतले जात नाही. ड्यूटी पुरी व्हावी म्हणून घेतले जाते. रुग्ण उचलून पाठ दुखते किंवा जागरणाने डोके धरते. रजा मागितली तर तोच भार सहकारी सिस्टरवर पडतो, हे ठाऊक असते. म्हणून वेदनाशामक घेतले जाते. यांपैकी दाहशामक औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात. वेदना त्यामुळे शमते, पण जठराच्या अंतस्त्वचेचे संरक्षणही त्याच पदार्थावर अवलंबून असते. जेवण लांबलेले असतेच. आम्लपित्त होते, त्यावर पॅन्टोप्राझोल येते, आणि एका औषधाचा परिणाम दुसऱ्याचे कारण बनतो. साधे वेदनाशामक महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतले गेल्यास त्यापासूनच डोकेदुखी जडू शकते. अशा स्थितीत कार्यताण हे मूळ कारण राहूनही लक्षणाचे निकटचे कारण औषध ठरते. कार्यरक्षणार्थ औषध घेणे करासेक यांच्या प्रतिमानाशी जुळते. पाळी, रुग्णसंख्या, बदली यांपैकी काहीही जिच्या हाती नाही, तिच्या अधिकारात उरलेला एक निर्णय म्हणजे ही गोळी.

आता मापन. ग्रे-टॉफ्ट आणि अँडरसन यांनी १९८१ मध्ये रचलेल्या मापनीत ३४ विधाने असून मृत्यूचे दर्शन, डॉक्टरांशी संघर्ष, अपुरी तयारी, आधाराचा अभाव, सहपरिचारिकांशी संघर्ष, कार्यभार आणि उपचाराविषयीची अनिश्चितता असे सात विभाग आहेत. मापनी उपयुक्त आहे. तथापि प्रसंग किती वेळा घडतात एवढे ती सांगते. तिच्या एकूण गुणांकाशी ‘गेल्या सहा महिन्यांत स्वतः औषध घेतले काय?’ या प्रश्नाचे उत्तर जोडून काढलेला सहसंबंध कार्यकारणभाव सिद्ध करीत नाही. पाठदुखीमुळे ताण वाढला, की ताणामुळे पाठदुखी, हे एकाच वेळी केलेल्या पाहणीतून उलगडत नाही. ज्यांना ताण असह्य झाला त्या नोकरी सोडून गेलेल्या वा दीर्घ रजेवर असतात. त्या गणनेतच नसतात. शिवाय प्रश्नावली परिसेविकेमार्फत, म्हणजे वॉर्डच्या वरिष्ठ परिचारिकेमार्फत, वाटली व गोळा केली गेली, तर झोपेच्या गोळीविषयी खरे उत्तर मिळण्याची अपेक्षा ठेवू नये.

यावरून अभ्यासाचे एकक व्यक्ती नसून पाळी असावी, असे प्रतिपादन करता येते. एकच अधिपरिचारिका सकाळपाळीत औषधाविना राहते आणि रात्रपाळीत तीन गोळ्या घेते. सहा महिन्यांच्या एका उत्तरात हा भेद लुप्त होतो. पाळ्यांचे एक पूर्ण चक्र व्यापणारी, नाव नसलेली दैनंदिनी घ्यावी. तिच्यात पाळी, रुग्णसंख्या, जेवणाची वेळ, झोपेचे तास, औषध, मात्रा व प्रयोजन नोंदवावे, आणि निद्रार्थ गोळी वगळून प्रत्येक गोळीपुढे एक प्रश्न असावा : आज रजा मिळाली असती, तर ही घेतली असती काय? ‘होय’ असल्यास ती नोंद शमनार्थ, ‘नाही’ असल्यास कार्यरक्षणार्थ मानावी. दुसऱ्या वर्गातील नोंदींमागे बदली मनुष्यबळाचा अभाव असल्याने त्या रिक्त पदांच्या हिशेबात मांडाव्या लागतील.

ग्रामीण उपकेंद्रातील आरोग्य सेविकेस मात्र हे एकक लागू पडत नाही. सपाटीवर ५,०००, तर आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हे प्रमाण आहे. तिच्या कामास पाळी नाही. लसीकरण, गृहभेटी, नोंदवह्या आणि रात्री-अपरात्री आलेली बाळंतीण यांचा तो एक अखंड क्रम आहे. औषधाचा साठा तिच्याच ताब्यात, आणि जवळचा डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिच्या दैनंदिनीत पाळीऐवजी दिवस धरावा, चाललेले अंतर नोंदवावे, आणि रजेच्या प्रश्नाआधी आणखी एक विचारावा : रजेवर गेल्यास उपकेंद्र कोण उघडते?