छोट्या रुळांचा जीर्णोद्धार

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव ही कापसाची जुनी पेठ. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसास सोन्याचे मोल आले. मुंबईचा लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचला. पुढे १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब ते खामगाव ही सुमारे आठ मैलांची शाखा सुरू झाली आणि पेठेतील गाठी वाघिणींतून मुंबईकडे जाऊ लागल्या. परंतु त्या काळची एंजिने व वाघिणी कशा होत्या, असे एखाद्या मुलाने विचारले तर त्यास काय दाखवावे?

हा प्रश्न एकट्या खामगावचा नव्हे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास गेलेल्या पहिल्या उतारू गाडीस साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन एंजिने जोडली होती. तोफांची सलामी घेऊन निघालेल्या त्या तिघांपैकी एकाचाही आज पत्ता लागत नाही. कामाची वस्तू निकामी झाली की ती भंगारात जाते. तिचे मोल ध्यानात येते ते मागाहून.

मोठ्या रुळांवरून जे नाहीसे होते, ते पुष्कळदा छोट्या रुळांवर उरते. जर्मनीतील मेर्क्लिन कारखान्याने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत रुळांसह खेळातली आगगाडी मांडली व रुळांच्या रुंदीस ठराविक मापे लावून दिली. तेव्हापासून हा खेळ छंद झाला आणि छंदाची विद्या झाली. आज सर्वांत रूढ असलेले प्रमाण एकास सत्त्याऐंशी. या मापाने जलंब-खामगाव मार्ग जेमतेम दीडशे मीटरांत बसेल! मात्र एक अडचण आहे. आपले रुंद रूळ १६७६ मिलिमीटरांचे. या प्रमाणात ते एकोणीस मिलिमीटरांहून थोडे अधिक भरतात. बाजारात मिळणारे रूळ युरोपच्या १४३५ मिलिमीटरांवरून बेतलेले, म्हणून साडेसोळाचे. खामगाव हुबेहूब उभे करू पाहणाऱ्यास रूळ स्वतःच घडवावे लागतील.

माळ्यावर पडलेली अशी जुनी मांडणी पुन्हा चालती करणे हे धीराचे काम आहे. यातील वीज बहुधा रुळांतूनच एंजिनात जाते. म्हणून रुळांवर वा चाकांवर मळी साचली की गाडी अडखळते. उतावळा मनुष्य रूळ काचकागदाने घासतो. त्याने ओरखडे पडतात आणि त्यांत मळी अधिकच धरते. जाणता माणूस मऊ कापड स्पिरिटात भिजवून पुसतो. गोठलेले जुने तेल काढून थेंबभरच नवे घालतो, मोटारीचे झिजलेले ब्रश बदलतो आणि सांधे नीट फिरतात की नाही हे पाहतो. एका रोगास मात्र औषध नाही. जस्ताच्या ओतीव भागांत शिशाचा अंश राहून गेला असेल, तर काही वर्षांनी ते फुगतात, भेगाळतात आणि हातात चुरा होऊन येतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या हॉर्नबी गाड्यांचे पुष्कळ नमुने असेच गेले. अशा वेळी नवा भाग बसवावा. पण तो नवा आहे हे लिहून ठेवावे. तसेच जुना रंग शाबूत असेल तर त्यावर नवा चढवू नये. जीर्णोद्धारात मूर्ती बदलून चालत नाही.

महाराष्ट्रात या विद्येस घर दिले ते भाऊसाहेब जोशी यांनी. छंद म्हणून जोपासलेली त्यांची छोटी आगगाडी १ एप्रिल १९९८ रोजी पुण्यात कोथरुड येथे संग्रहालयाच्या रूपाने लोकांस खुली झाली. तेथे हाताने उभारलेल्या नगरात सिग्नल उघडझाप करतात, पूल व डोंगर ओलांडून गाड्या धावतात, दिवसाची रात्र होते; आणि वाफेचे एंजिन कधी न पाहिलेली मुले ते डोळे विस्फारून पाहतात.

साहिब, सिंध व सुलतान यांना आता कोणी परत आणू शकत नाही. परंतु एखाद्या घरच्या पेटाऱ्यात गंजलेले चिमुकले एंजिन आजही पडलेले असेल. ते भंगारवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी एकवार त्याची चाके पुसून पाहावीत. कदाचित ते चालेल. न चालले तरी, एके काळी गाड्या कशा होत्या, हे सांगावयास ते साक्षीदार म्हणून उरेल.