मोडक्या लॅपटॉपचा घरगुती डेस्कटॉप

‘लॅपटॉप गेला’ असे घरात म्हटले जाते, तेव्हा बहुतेक वेळा त्याचा पडदा फुटलेला असतो, बिजागरी निखळलेली असते किंवा कळफलकावर चहा सांडलेला असतो. मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरी आणि हार्ड डिस्क हे संगणकाचे खरे अवयव अनेकदा शाबूतच राहतात. मात्र नव्या पडद्याचा आणि बिजागरीचा खर्च ऐकल्यावर दुरुस्तीचा विचार मागे पडतो आणि लॅपटॉप कपाटाच्या वरच्या फळीवर जातो. अशा यंत्राला बाहेरचा मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस जोडून त्याचा डेस्कटॉप करणे हा टाकाऊतून टिकाऊचा एक उत्तम मार्ग आहे. घरात मुलांच्या अभ्यासासाठी दुसरा संगणक हवा असेल, तर तो थोडक्या खर्चात उभा राहू शकतो. मात्र घाईने पेच उघडण्याआधी काही गोष्टी समजून घेणे आवश्यक आहे.

संगणक, कळफलक आणि पडदा यांची अशी वेगळी जुळणी नवी नाही. १९८२ मध्ये आलेल्या कमोडोर ६४ या यंत्रात सारा संगणक कळफलकाच्या पेटीतच होता आणि पडदा म्हणून घरातील टीव्ही वापरता येत असे. २०२० मधील रास्पबेरी पाय ४०० ची रचनाही तशीच आहे. झाकण गमावलेला लॅपटॉप याच जातकुळीतील ठरतो.

आधी परीक्षा, मग शस्त्रक्रिया

लॅपटॉप न उघडताच पहिली चाचणी करावी. अ‍ॅडॉप्टर लावून तो सुरू केल्यावर पंखा फिरतो का, कॅप्स लॉकचा दिवा लागतो का, हे पाहावे. त्यानंतर मॉनिटर किंवा टीव्ही जोडावा. नव्या यंत्रांत त्यासाठी एचडीएमआयची जागा असते. जुन्या यंत्रांत १५ छिद्रांचे, सहसा निळ्या रंगाचे व्हीजीए आढळते. चित्र आपोआप न दिसल्यास विंडोजमध्ये विंडोज आणि ‘पी’ या कळा एकत्र दाबून बाहेरचा पडदा निवडता येतो. एवढ्याने चित्र आले, तर निम्मे काम झाले.

चित्र दिसताच पहिले काम म्हणजे महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवणे. लग्नाची छायाचित्रे, मुलांची प्रमाणपत्रे, कराचे कागद हे सारे यंत्राच्या किमतीपेक्षा मोलाचे असते. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिची रिकव्हरी की आधीच लिहून ठेवावी. पुढे मदरबोर्ड निकामी झाला, तर त्या आकड्यांवाचून डिस्कवरील मजकूर वाचता येत नाही.

बॅटरीशी खेळ नको

या कामातील खरा धोका बॅटरीचा आहे. जुनी लिथियम-आयन बॅटरी फुगते. टचपॅड वर उचलला जाणे किंवा तळाचे आवरण फाकणे ही त्याची लक्षणे होत. अशी बॅटरी चार्ज करू नये, दाबू नये आणि टोकदार हत्याराने उचकटू तर मुळीच नये. तिला भोक पडले तर ती पेट घेऊ शकते. यंत्र बंद करून, अ‍ॅडॉप्टर काढून प्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी आणि मग पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी. बॅटरी चिकटवलेली असेल, तर हे काम जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावे. काढलेल्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात ती टाकू नये.

बॅटरी काढल्यावर यंत्र केवळ अ‍ॅडॉप्टरवर चालते का, हेही तपासावे लागते. बहुतेक लॅपटॉप चालतात. काही मात्र बॅटरीवाचून सुरूच होत नाहीत, तर काही प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी ठेवतात. बॅटरी गेली म्हणजे लॅपटॉपला आपसूक मिळणारा विजेचा आधारही गेला. वीज जाताच संगणक तत्क्षणी बंद पडेल आणि अपुरे काम नष्ट होईल. जिथे वीज वारंवार जाते, तिथे छोटा यूपीएस हा चैनीचा नव्हे, गरजेचा भाग ठरतो.

मदरबोर्डवर आणखी एक छोटी, नाण्याच्या आकाराची ३ व्होल्टची बॅटरी असते. बहुधा ती सीआर २०३२ या क्रमांकाची असते. ती संपली की संगणकाची तारीख मागे जाते आणि तारीख चुकली की बँकेसह अनेक संकेतस्थळे सुरक्षेच्या कारणास्तव उघडत नाहीत. ही बॅटरी स्वस्त असते, त्यामुळे ती याच वेळी बदलणे श्रेयस्कर. जुनी मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. गिळली गेल्यास ती प्राणघातक ठरू शकते.

झाकण काढताना

सर्वांत सोपा मार्ग झाकण तसेच ठेवून लॅपटॉप मॉनिटरच्या मागे उभा करण्याचा. पडदा पुरता फुटला असेल, तर झाकण काढून टाकणे सोयीचे असते. मात्र त्या झाकणात केवळ पडदा नसतो. वायफायच्या अँटेनाच्या बारीक तारा बहुतेक लॅपटॉपमध्ये पडद्याभोवती फिरवलेल्या असतात. त्या कापल्या तर वायफाय दुबळे होते. म्हणून अँटेना तारांसह अलगद सोडवून नव्या पेटीत, धातूपासून दूर बसवाव्यात. ते न जमल्यास नेटवर्कची तार किंवा यूएसबीचा वायफाय अ‍ॅडॉप्टर हा पर्याय आहे.

पडद्याची केबलही मदरबोर्डवरून पूर्ण काढावी. मोडका पडदा जोडलेला राहिला, तर यंत्र त्यालाच मुख्य पडदा समजते आणि सुरुवातीची दृश्ये बाहेरच्या मॉनिटरवर दिसत नाहीत. झाकण बंद झाल्याचे ओळखण्यासाठी अनेक यंत्रांत चुंबक व संवेदक असतो. चुंबक चुकून त्या संवेदकाजवळ राहिला, तर संगणक सारखा झोपी जातो. झाकण ठेवणार असल्यास ‘झाकण बंद केल्यावर काहीही करू नये’ ही सोय सेटिंगमध्ये निवडावी.

पॉवरचे बटण बहुधा कीबोर्डच्या पट्टीवर किंवा वेगळ्या छोट्या पट्टीवर असते. कीबोर्ड काढण्याआधी ते कुठे आहे हे पाहावे. नाही तर सारे जुळवल्यावर यंत्र सुरू कसे करावे, हाच प्रश्न उरतो. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढून ठेवणे आणि पेच जागेनुसार कागदावर चिकटवून ठेवणे ही कारागिरांची साधी युक्ती येथे उपयोगी पडते. लॅपटॉपचे पेच वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब पेच आखूड जागी घट्ट पिळल्यास मदरबोर्डला इजा होते.

पेटी, हवा आणि अर्थिंग

मूळ तळाचे आवरण शाबूत असेल, तर तेच सर्वांत चांगली पेटी असते. ते तुटले असल्यास प्लायवूड किंवा अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्यावर प्लॅस्टिकच्या छोट्या खुंट्यांनी मदरबोर्ड उचलून बसवता येतो. बोर्डाचा मागचा भाग कोणत्याही धातूला टेकता कामा नये. पंख्याचे तोंड बहुधा खाली असते, त्यामुळे तळाशी दोन-तीन सेंटीमीटर जागा मोकळी सोडावी. पंखा व उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी कधीही काढून टाकू नये. जुने यंत्र उघडलेच आहे, तर साचलेली धूळ काढून प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट बदलून घ्यावी.

पेटी धातूची असेल आणि अ‍ॅडॉप्टर दोन पिनांचा असेल, तर हाताला झिणझिण्या येऊ शकतात. तीन पिनांचा अ‍ॅडॉप्टर आणि अर्थिंग असलेले सॉकेट वापरणे हा त्यावरील उपाय. अ‍ॅडॉप्टर बदलताना व्होल्ट मूळ लेबलाप्रमाणेच आणि अँपिअर तितके किंवा अधिक असावेत.

वेग आणि सॉफ्टवेअर

जुन्या यंत्राला सर्वांत मोठा उठाव मिळतो तो फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवल्याने. मेमरी घेताना डीडीआर ३ की डीडीआर ४, हे नीट पाहावे. दोन्हींच्या खाचा वेगळ्या असतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली येथे असे सुटे भाग शोधता येतात. दुकानात जाताना जुना भाग सोबत न्यावा.

विंडोज १० ची नियमित सुरक्षा सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० सह तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे जुन्या यंत्रांसाठी लिनक्स मिंट किंवा लुबंटूसारख्या विनामूल्य प्रणाली व्यवहार्य ठरतात. त्यांत मराठी टंकलेखनाची सोय आहे.

केव्हा थांबावे?

मदरबोर्ड जळाला असेल किंवा पाण्याने गंजला असेल, तर हट्ट धरू नये. अशा वेळीही डिस्क यूएसबीच्या खोक्यात घालून वापरता येते आणि चांगला पडदा, त्याच्या मागील क्रमांकाशी जुळणारे कंट्रोलर बोर्ड घेऊन मॉनिटर म्हणून वापरता येतो. उरलेला सांगाडा भंगारात न देता नोंदणीकृत केंद्रात द्यावा. त्याआधी डिस्क काढून घ्यावी किंवा तिच्यावरील माहिती पूर्ण पुसावी.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ मधील अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी केवळ २२.३ टक्क्यांचे रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. भारतात २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. परंतु कचरा हाताळण्याआधीची पायरी तो होऊच न देण्याची आहे. कपाटावरचा लॅपटॉप आणखी चार-पाच वर्षे चालला, तर एका नव्या यंत्राची खरेदी तेवढी लांबते आणि घरातील विद्यार्थ्याला स्वतःचा संगणक मिळतो.