परस आणि गच्ची : कोपर परिसरातील गृहरचनेविषयी एक टिपण

ठाणे-कल्याण लोहमार्ग १८५४ साली सुरू झाला, तेव्हा आजचे कोपर उल्हासच्या खाडीकाठी भातशेतीच्या मुलखात मोडत होते. या मुलखातील जुने घर शेतापासून वेगळे काढता येत नाही. मोरीचे पाणी परसातील केळी-अळवाला जाई, पावसाळ्यात दुधी-भोपळ्याचे वेल छपरावर चढत आणि उकिरड्याचे खत पुन्हा शेतात पडे. पुढे इमारती उठल्या, मोरी गटाराला जोडली गेली आणि हे चक्र तुटले. झाडे गेली ही हानी त्यामानाने लहानच.

छतावर माती चढविणे मुंबईला नवे नाही. मलबार टेकडीवरील जलाशयाच्या छतावर १८८१ च्या सुमारास बाग झाली. परंतु ती शोभेची. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून केलेला प्रयोग निराळ्या जातीचा होय. श्रीपाद दाभोळकरांच्या पद्धतीला अनुसरून तेथे स्वयंपाकघरातील ओला कचरा कुजवून त्यावरच भाज्या-फळे वाढविण्यात आली; म्हणजे उकिरडा घरात परतला. मातीऐवजी बहुतांशी कुजलेला पालापाचोळा असल्याने गच्चीवर भारही थोडा पडतो, आणि कोपरच्या जुन्या इमारतींच्या दृष्टीने ही बाब हिरव्या शोभेहून अधिक महत्त्वाची आहे.