पाहुणा दोन दिवसांचा, जबाबदारी बारा महिन्यांची

बागलाणातील घरगुती निवासाचा व्यवसाय आणि यजमानापुढील अडचणी

सटाणा - शहर सोडून ताहाराबादच्या दिशेने निघाले, की सेलबारीच्या रांगेतील मांगी-तुंगीचे जोडसुळके नजरेत भरतात. आणखी पुढे मुल्हेर, मोरा, हरगड आणि अगदी पश्चिमेला, गुजरातमधील डांगच्या सीमेलगत, साल्हेर. १५६७ मीटर उंचीचा हा किल्ला राज्यातील सर्वांत उंच डोंगरी किल्ला मानला जातो. फेब्रुवारी १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगली फौजेचा उघड्या मैदानात पराभव केला. ११ जुलै २०२५ रोजी 'युनेस्को'ने मराठा लष्करी स्थापत्याशी संबंधित १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात नाशिक जिल्ह्यातील साल्हेर हा एकमेव किल्ला आहे.

या घोषणेनंतर पायथ्याच्या गावांत एकच प्रश्न विचारला जाऊ लागला. येणाऱ्या पर्यटकाने मुक्काम कोठे करायचा? साल्हेरवाडी आणि वाघांबे येथील ग्रामस्थांच्या पडवीत पथारी टाकून सकाळी गड चढण्याची गिर्यारोहकांची पद्धत जुनीच आहे. पिठले-भाकरीचे जेवण आणि निघताना हातावर ठेवलेले पैसे, एवढाच तो व्यवहार होता. आता त्याच पडवीला 'होम-स्टे' हे नाव मिळाले आहे. मात्र नाव बदलले की अपेक्षा बदलतात आणि अपेक्षांबरोबर जबाबदाऱ्याही येतात. गावाकडचे रिकामे घर किंवा मळ्यातील दोन खोल्या पर्यटकांना देऊ पाहणाऱ्या शहरी वाचकांनाही या जबाबदाऱ्यांची कल्पना असणे आवश्यक आहे.

पाहुण्यांचे चार प्रकार

बागलाणात येणारा पाहुणा एकाच साच्यातील नाही. पहिला गिर्यारोहकांचा वर्ग. हा शनिवार-रविवारी आणि प्रामुख्याने पावसाळा व हिवाळ्यात येतो. मुंबई-पुण्याहून रात्रीचा प्रवास करून तो पहाटे चारला दार ठोठावतो आणि गडावरून उतरताच परतीच्या वाटेला लागतो. दुसरा वर्ग जैन यात्रेकरूंचा. मांगी-तुंगी हे दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र असून तेथे डोंगरात कोरलेली भगवान ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती २०१६ मध्ये पूर्ण झाली. तिसरा वर्ग सटाण्याच्या देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या यात्रेला येणाऱ्या भाविकांचा. १८७०-७१ च्या दुष्काळात सरकारी खजिना रयतेसाठी खुला करणाऱ्या या मामलेदाराची यात्रा मार्गशीर्षात भरते. चौथा वर्ग द्राक्षे-डाळिंबाच्या मळ्यात कुटुंबासह निवांत दोन दिवस घालवू इच्छिणाऱ्यांचा.

या चौघांच्या गरजा परस्परांहून अगदी भिन्न आहेत. गिर्यारोहकाला भरपेट जेवण आणि ओले बूट वाळविण्यास जागा हवी असते. जैन कुटुंबांना कांदा-लसूण व कंदमुळांविना स्वयंपाक, गाळलेले पाणी आणि सूर्यास्तापूर्वी जेवण हवे असते. त्यासाठी वेगळी भांडी नसतील, तर होकार देऊ नये हेच उत्तम. मळ्यात येणाऱ्या कुटुंबाला शहरातील सोयीचे स्नानगृह आणि गावातील चुलीवरची चव, दोन्ही एकाच वेळी हवे असते. आपण कोणासाठी घर उघडत आहोत, हे ठरविल्याशिवाय खर्चाला हात घालणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

कागदपत्रे आधी, रंगरंगोटी नंतर

सर्वसामान्य समज असा, की स्वतःचेच घर आहे, त्याला परवानगी कशाची? प्रत्यक्षात चित्र निराळे आहे. राज्यात घरगुती निवासासाठी 'निवास व न्याहारी' योजना आहे. शेतकऱ्यांसाठी २०२० चे कृषी पर्यटन धोरण असून त्याखाली किमान एक एकर शेती असलेल्यांना पर्यटन विभागाकडे नोंदणी करता येते. २०२३ च्या 'आई' या महिलाकेंद्रित पर्यटन धोरणानुसार महिला उद्योजकांना १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा देण्याची तरतूद करण्यात आली. केंद्र सरकारच्या योजनेत एक ते सहा खोल्या व कमाल १२ खाटा ही मर्यादा असून मालक किंवा त्याचे कुटुंब त्याच घरात राहणारे असावे, ही प्रमुख अट आहे.

ही अट शहरवासीयांनी नीट समजून घ्यावी. आपण नाशिक-पुण्यात राहायचे आणि गावचे कुलूपबंद घर दूरध्वनीवरून चालवायचे, हा प्रकार घरगुती निवास या संकल्पनेत बसत नाही. तो भाड्याचा बंगला ठरतो आणि वीजदर, मालमत्ता कर, अग्निसुरक्षा यांची गणिते बदलतात. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, बांधकामाची परवानगी आणि सामाईक मालकी असल्यास भावबंदांची लेखी संमती या गोष्टी प्रारंभीच हातात असाव्यात. वडिलोपार्जित घराचे उत्पन्न सुरू झाल्यानंतर हिश्शाचे वाद हमखास डोके वर काढतात.

बागलाणचा पश्चिम पट्टा आदिवासी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार आदिवासींची जमीन पूर्वपरवानगीविना बिगर-आदिवासींना विकता अथवा भाडेपट्ट्याने देता येत नाही. त्यामुळे साल्हेरच्या पायथ्याशी स्वस्तात जागा घेऊन 'रिसॉर्ट' उभारण्याचे बेत अनेकदा कायद्यापाशीच थबकतात. स्थानिकांच्या दृष्टीने ही संरक्षक भिंतच आहे. मात्र तिचा उपयोग तेव्हाच, जेव्हा स्थानिक कुटुंब स्वतः यजमान होईल.

हिशेब मांडून पाहावा

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एखाद्याने सहा लाख रुपये कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या आणि प्रत्येकीचे भाडे एका रात्रीला १२०० रुपये ठेवले. वर्षातील ५२ शनिवारच्या रात्री दोन्ही खोल्या भरल्या, असे गृहीत धरले तरी उत्पन्न होते १ लाख २४ हजार ८०० रुपये. दहा टक्के दराने पहिल्या वर्षाचे व्याजच ६० हजार. उरले ६४ हजार ८००, म्हणजे महिन्याला ५ हजार ४०० रुपये. यातून चादरी धुणे, वीज, पाणी, मदतनिसाची मजुरी, दुरुस्ती आणि संकेतस्थळाचे कमिशन भागवायचे. कर्जाचा मुद्दल हप्ता अजून धरलेलाच नाही. शिवाय बावन्नच्या बावन्न शनिवार भरणे हे बागलाणच्या उन्हाळ्यात अवघडच.

म्हणूनच या व्यवसायात खोलीपेक्षा जेवण, वाटाड्याचे मानधन आणि शेतमालाची विक्री यांवर भिस्त ठेवणे शहाणपणाचे ठरते. शेतीला जोड म्हणून तो परवडतो. शेती विकून करावयाचा मात्र हा धंदा नव्हे.

कराबाबतही गैरसमज आढळतात. दिवसाला एक हजार रुपयांपर्यंतच्या खोलीला असलेली वस्तू व सेवा कराची सूट जुलै २०२२ मध्ये संपली. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के दर लागू झाला. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या लहान यजमानाला नोंदणी बंधनकारक नाही. मात्र त्याची खोली संकेतस्थळामार्फत गेल्यास हा कर त्या कंपनीने भरावयाचा असतो आणि तो पाहुण्याच्या बिलात दिसतो. 'तुम्ही बाराशे सांगितले आणि आमच्याकडून जास्त का घेतले?' या प्रश्नाचे उत्तर यजमानाला ठाऊक असावे.

राबणारे हात कोणाचे?

घरगुती निवासाच्या जाहिरातीत गरम भाकरी असते. ती थापणारे हात बहुधा घरातील स्त्रीचे असतात. तिच्या वाट्याला आधीच शेत, गुरे आणि मुले आहेत. त्यात सकाळी अकराला एक गट गेला आणि दुपारी एकला दुसरा येणार असेल, तर मधल्या दोन तासांत खोल्या झाडणे, चादरी बदलणे, स्नानगृह धुणे आणि दहा जणांचा स्वयंपाक, हे सारे उरकायचे असते. तिच्या श्रमाचे पैसे हिशेबात धरले जात नाहीत, तोवर नफ्याचे आकडे फसवेच राहतात. एका जादा चादर-संचाचा खर्च करणे आणि दोन गटांमध्ये किमान चार तासांचे अंतर ठेवणे, हे साधे उपायही यजमानीण बाईंचा भार बराच हलका करतात.

पाण्याचा प्रश्न याहून बिकट. पश्चिम पट्ट्यात पावसाळ्यात डोंगर धबधब्यांनी पांढरे होतात आणि मार्चनंतर विहिरी तळ गाठतात. जेथे गावकरी हंड्याने पाणी मोजतात, तेथे पाहुणा फवाऱ्याखाली पंधरा मिनिटे स्नान करणार असेल, तर शेजाऱ्यांच्या मनात अढी निर्माण होणे स्वाभाविक आहे. 'स्नानाला एक बादली गरम पाणी' हे यजमानाने नोंदणीच्या वेळीच सांगावे. आल्यावर सांगितले तर तो अपमान वाटतो, आधी सांगितले तर तो नियम असतो.

ओळखपत्र, आवाज आणि अभिप्राय

पाहुण्याचे ओळखपत्र पाहणे आणि नोंदवहीत नाव, पत्ता, वाहन क्रमांक लिहिणे यात संकोच नसावा. परदेशी पाहुणा उतरल्यास त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळविणे यजमानावर बंधनकारक आहे. मद्यपान, रात्री उशिरापर्यंतचा ध्वनिक्षेपक, ठरल्यापेक्षा अधिक माणसे हे तंट्याचे नेहमीचे विषय. यांबाबतचे नियम मराठी, हिंदी व गुजरातीत लिहून दारावर लावलेले बरे.

संकेतस्थळांचा आणखी एक पेच आहे. डोंगरांच्या आडोशाला मोबाइलची रेंज येते-जाते. दूरध्वनीवर एकाला होकार दिलेला असतो आणि संकेतस्थळावर तीच खोली मोकळी दिसत असल्याने दुसऱ्यानेही पैसे भरलेले असतात. दोन कुटुंबे एकाच दारात उभी राहिली, की चूक यजमानाचीच ठरते आणि पुढे तसा अभिप्राय कायमचा राहतो. यावर उपाय एकच. नोंदींचे काम घरातील एकाच व्यक्तीकडे, शक्य असल्यास सटाण्यात शिकणाऱ्या मुलाकडे वा मुलीकडे सोपवावे. आगाऊ रक्कम आणि नोंदणी रद्द करण्याचे नियमही आधीच लिखित असावेत. घाटात दरड कोसळली तर पैसे परत मिळणार की तारीख बदलून, हा वाद पावसाळ्यात उद्भवतोच.

इतरांना ठेच, आपण शहाणे

जगातील मोठ्या शहरांनी या व्यवसायाचे दुसरे टोक पाहिले आहे. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांहून कमी मुदतीच्या भाड्यासाठी नोंदणी आणि यजमानाची घरातील उपस्थिती सक्तीची केली. बार्सिलोनाने २०२८ अखेर पर्यटकांना सदनिका देण्याचे परवाने संपविण्याचा मनोदय २०२४ मध्ये जाहीर केला. कारण घरे पाहुण्यांना गेली आणि रहिवाशांना परवडेनाशी झाली. गोव्यातही पर्यटकांना खोली देणाऱ्यांना १९८२ च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते.

बागलाण अद्याप त्या टोकापासून फार दूर आहे. येथे प्रश्न गर्दी आवरण्याचा नाही, तर येणाऱ्या पैशातील किती भाग गावात राहणार, हा आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ऑक्टोबर २०२६ मधील, तर प्रमुख अमृतस्नाने ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मधील आहेत. त्या काळात जिल्ह्यात येणाऱ्या भाविकांपैकी काहींची पावले मांगी-तुंगी, सप्तशृंग गड आणि साल्हेरकडे वळतील, अशी अपेक्षा आहे. पण सिंहस्थ बारा वर्षांनी येतो आणि कर्जाचा हप्ता दर महिन्याला. त्या एका हंगामावर नजर ठेवून मजले चढविण्यापेक्षा आहे त्या घरातील एक खोली स्वच्छ करून, नोंदणी करून, वर्षभर चालवून पाहणे अधिक हिताचे.

वाघांब्याच्या पडवीत पाठ टेकणाऱ्या जुन्या गिर्यारोहकांना खोलीचे क्षेत्रफळ आठवत नाही. आठवते ती पहाटे उठून भाकरी बांधून देणारी घरची माणसे. व्यवसायाची सारी शिस्त अंगी बाणवतानाही ही माणसे आपल्याच घरात यजमान राहतील, नोकर होणार नाहीत, एवढी काळजी शासनाने, ग्रामपंचायतीने आणि पाहुण्यांनीही घ्यावयास हवी.