फिल्म कापणाऱ्या बायका



आज कात्रीबद्दल बोलू या. शिवणाची नव्हे, सिनेमाची. हल्ली प्रत्येक गटात एकीच्या तरी मोबाइलमध्ये व्हिडिओ कापायचं अ‍ॅप असतं. हळदीकुंकवाचा व्हिडिओ असो की ग्रामसभेचा, बोटानं इकडून थोडा, तिकडून थोडा कापायचा आणि गटावर टाकायचा. हे काम नवं वाटतं, पण बायका ते शंभर वर्षांहून जास्त काळ करत आल्या आहेत.

आधी फिल्म म्हणजे काय ते सांगते. 35 मिलिमीटर रुंदीची लांबलचक पट्टी, कडेला भोकं, आणि तिच्यावर एकाखाली एक बारीक चित्रं. बोलपट आल्यावर एका सेकंदाला 24 चित्रं असा हिशेब ठरला. प्रसंग नको असेल तर पट्टी खरोखरच कात्रीनं कापायची आणि दोन टोकं चिकटवायची. अमेरिकेतल्या हॉलिवूडमध्ये सुरुवातीला हे काम बऱ्याच मुली करत. मालकांना वाटे, हे शिवणटिपणासारखं बारीक काम, बायकांनाच जमेल, आणि मजुरीही कमी द्यावी लागेल. पुढे बोलपट आले, यंत्रं वाढली, या कामाला मान आला, आणि हळूहळू त्या खुर्च्यांवर पुरुष बसले. काम तेच, मान वाढला की माणसं बदलतात, हे आपल्याला काही नवीन नाही.

मार्गारेट बूथ मात्र खुर्चीवरून उठली नाही. 1915 च्या सुमारास ती पट्ट्या कापायला लागली. पुढे एमजीएम या मोठ्या कंपनीत 1968 पर्यंत ती सगळ्या संकलकांची प्रमुख होती. 1978 मध्ये तिला मानाचं ऑस्कर मिळालं. 104 वर्षं जगली.

आता आपल्याकडे या. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला, हे शाळेत शिकलो. त्या सिनेमामागच्या सरस्वतीबाई फाळके शाळेत भेटत नाहीत. नवऱ्याच्या नादापायी त्यांचे दागिने गहाण पडले. कोरी फिल्म यायची तिला कडेची भोकं नसायची. ती भोकं अंधारात, हातानं, पाडावी लागत. ते काम सरस्वतीबाई करत. फिल्म धुण्याची रसायनं कालवत, पट्ट्या जोडायला मदत करत, आणि दिवसभर मंडळींचा स्वयंपाकही त्याच बघत. काहीजण त्यांना भारतातल्या पहिल्या संकलक म्हणतात. नेमकी कुठली पट्टी कुणी जोडली याचा वाद घालण्यात मला रस नाही. अंधारात बसून बोटांच्या अंदाजानं भोकं पाडणारी बाई त्या घरात होती, एवढं मला पुरे.

रशियात त्याच सुमारास लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या माणसानं एक प्रयोग केला. एका नटाचा चेहरा घेतला, हावभाव नसलेला. त्याच्यापुढे एकदा सुपाची वाटी जोडली, एकदा शवपेटी. लोक म्हणाले, किती भुकेला दिसतो, किती दुःखी दिसतो. चेहरा एकच होता! अर्थ चेहऱ्यात नव्हता, जोडात होता. व्हिडिओ बघताना हे विसरू नका. तिथल्याच एलिझावेता स्विलोव्हाचं काम 1929 च्या ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’ या सिनेमात दिसतं. त्यात ती स्वतः टेबलाशी बसून पट्ट्या निवडताना, कापताना दिसते. कापणारी बाई पडद्यावर दिसावी, हे तेव्हाही दुर्मीळ होतं आणि आजही आहे.

पुण्यात 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट निघाली, प्रभातच्या जुन्या जागेत. तिथूनच रेणू सलुजा शिकून बाहेर पडल्या. ‘जाने भी दो यारो’, ‘परिंदा’, ‘बँडिट क्वीन’ हे सिनेमे त्यांनी जोडले. ‘परिंदा’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 2000 साली त्या गेल्या, अगदी अवेळी.

मधल्या काळात टेप आली. 1956 पासून टीव्हीवाले ती वापरू लागले. टेपवर चित्र डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सुरुवातीला लोखंडाची बारीक पूड मिसळलेलं द्रावण लावून रेषा बघायचे आणि ब्लेडनं कापायचे. मग एका यंत्रावरून दुसऱ्यावर नक्कल करत जोडायची पद्धत आली. तिच्यात मोठी अडचण ही, की मधला एक तुकडा लांबवायचा म्हटलं तर त्यापुढचं सगळं पुन्हा जोडा. शिवाय नकलेची नक्कल करता करता चित्र पुसट होई, पिठात पाणी वाढवत जावं तसं.

1989 मध्ये अ‍ॅव्हिड नावाची संगणकावरची प्रणाली आली आणि हे ओझं उतरलं. संगणकावर मूळ चित्रीकरणाला कात्री लागतच नाही. कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबायचं, एवढ्या खुणा तो लक्षात ठेवतो. म्हणून चूक झाली तरी परत येता येतं.

कापण्याचे प्रकारही वेगळे झाले. पंगतीतून एक जण उठला आणि बाकीचे सरकून बसले, तसा एक प्रकार: तुकडा आखूड केला की पुढचे सगळे मागे सरकतात. याला रिपल म्हणतात. दुसरा रोल. तो म्हणजे दोन शेतांमधला बांध सरकवणं. एकाचं वाढलं तेवढंच दुसऱ्याचं घटलं, एकूण लांबी तीच. बांध सरकवण्याचे परिणाम तुम्हाला मी सांगायला नकोत! तिसरा स्लिप. खिडकी जागची हलत नाही, फक्त तिच्यातून दिसणारं दृश्य मागेपुढे होतं. आणि आवाजाचा कट वेगळा. पुढच्या बाईचा आवाज तिचा चेहरा दिसायच्या आधीच ऐकू येऊ द्यायचा. मग तुकडे जोडलेत असं वाटत नाही, बोलणं वाहतं.

मोबाइलवर कापताना सुरुवातीला चित्र गोठतं किंवा काळं दिसतं, अशी तक्रार खूपजणी करतात. त्याचं कारण आपल्या बचतगटाच्या वहीत आहे. मोबाइल जागा वाचवायला प्रत्येक चित्र पूर्ण लिहीत नाही. एक पूर्ण चित्र लिहितो, त्याला की-फ्रेम म्हणतात, आणि नंतर फक्त काय बदललं तेवढंच नोंदवतो. मागील शिल्लक एकदा लिहिली आणि पुढे नुसती जमा-खर्चाची नोंद, तसंच. महिन्याच्या मधून पान फाडलं तर शिल्लक कशी कळणार? म्हणून काही अ‍ॅप जवळच्या की-फ्रेमवरच कापतात, आणि तुमचा कट सेकंद-दोन सेकंद सरकतो. नेमक्या ठिकाणी हवा असेल तर अ‍ॅपला तो भाग नव्यानं लिहावा लागतो. त्याला वेळ लागतो, आणि दर खेपेला चित्र किंचित बिघडतं. म्हणून कापलेली क्लिप पुन्हा पुन्हा कापू नका. दर वेळी मूळ चित्रीकरणापासून सुरुवात करा.

उमरगा, बीदर ओलांडलं की तेलंगणात झहीराबाद लागतं. तिथल्या पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमातल्या दलित शेतकरी बाया, त्यातल्या कित्येक शाळेत न गेलेल्या, कॅमेरा आणि संकलन शिकल्या. 2001 मध्ये त्यांनी आपला मीडिया ट्रस्ट काढला. कॅमेऱ्याच्या कोनांना त्यांनी आपली नावं दिली. वरून खाली बघणारा तो पाटील शॉट, जमीनदार बघतो तसा. खालून वर बघणारा तो गुलाम शॉट. आणि डोळ्याला डोळा भिडवून घेतलेला तो संघम शॉट. बीटी कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा या बाया वारंगळच्या शेतकऱ्यांकडे हंगामभर पुन्हा पुन्हा गेल्या आणि 2003 मध्ये त्यांनी त्यावर फिल्म केली. कुठलं बोलणं राहील आणि कुठलं जाईल, हे ठरवणाऱ्या स्वतः कोरडवाहू रानात राबणाऱ्या होत्या.

हे इतकं लांबण लावून सांगायचं कारण आहे. समजा, ग्रामसभेत एक बाई उठून म्हणाली, “रेशन मिळतं, पण तीन महिन्यांतून एकदा.” कुणी “मिळतं”वर कट मारला, की गावभर फिरणाऱ्या क्लिपमध्ये ती बाई रेशन मिळतं म्हणून समाधानी! खोटा एक शब्दही घातलेला नाही. असा कट ओळखायचा कसा? बोलताना मान एकदम जागा बदलते का ते बघा. शब्दाचा शेवट तुटतो का, मागचा पंख्याचा किंवा पाखरांचा आवाज मध्येच बदलतो का, ते ऐका. वाक्य खाली उतरण्याआधीच संपलं तर शंका घ्या. आणि मूळ व्हिडिओ मागा.

म्हणून आपल्या सभेचं चित्रीकरण आपणच करा, आणि पूर्ण चित्रीकरण दोन ठिकाणी ठेवा. एक मोबाइलवर, एक गटाच्या पेनड्राइव्हवर. फाइलला तारीख आणि गावाचं नाव द्या. पेनड्राइव्ह वहीच्या पेटीतच ठेवा, म्हणजे किल्ली कुणाकडे आहे ते सगळ्यांना माहीत असतं.